भवभूतीचे पद्मपूर आणि संहितेवरील खुणा : हस्तलिखितापासून संगणकापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

गोंदिया जिल्ह्याच्या आमगाव तालुक्यात पदमपूर नावाचे एक गाव आहे. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ या तीन नाटकांचा कर्ता भवभूती ज्या पद्मपूर नगराशी आपल्या कुळाचा संबंध सांगतो, ते नगर म्हणजे हेच गाव होय, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९३० ते १९४० या दशकात मांडले. त्या काळी हा सर्व प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मिराशींचे मत विदर्भात आदराने स्वीकारले गेले. आमगावच्या महाविद्यालयास भवभूतीचे नाव आहे, आणि जिल्ह्याची माहिती देणाऱ्या पुस्तकांतून ‘भवभूतीचे जन्मस्थान’ हे शब्द आता सहजपणे येतात.

हे मत ज्या आधारांवर उभे आहे ते मोजके आहेत. पहिला आधार ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेतील एका शब्दाचा, हा शब्द काही हस्तलिखितांत आढळतो, काहींत आढळत नाही. दुसरा आधार एका वाकाटक ताम्रपटाचा. तो ताम्रपट अपुरा राहिलेला आहे. तिसरा आधार गावाच्या आजच्या नावाचा आणि तेथील प्राचीन अवशेषांचा. यांपैकी कोणताही आधार एकटा पुरेसा नाही. तिन्ही एकत्र घेतले असता एक बलवत्तर संभव निर्माण होतो. परंतु अभ्यासकास या आधारांचे बळ नेमके किती हे कळावयाचे असेल तर त्याला मूळ संहितेबरोबरच तिच्यावर केलेल्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. शब्द सर्व प्रतींत आहे की काहींत, अक्षर स्पष्ट आहे की संपादकाने भरून घातले आहे, ओळख पटली आहे की सुचविलेली आहे, या सर्व गोष्टी खुणाच सांगतात.

आज जुने ग्रंथ संगणकावर येत आहेत, आणि त्यांच्या संहितेवर टिप्पणे करण्याचे काम ‘मार्कअप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांनी होत आहे. हे काम वरवर पाहता यंत्रविद्येचे वाटते. वस्तुतः ते पाठचिकित्सेच्या जुन्या व्यवहाराचाच पुढील टप्पा आहे. हस्तलिखित, मुद्रित आवृत्ती आणि संगणकीय संहिता या तीन अवस्थांतून खूण कशी बदलत गेली, आणि प्रत्येक अवस्थेत पद्मपूरविषयीच्या पुराव्यातले काय टिकते व काय गळून पडते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. हस्तलिखितांतील खुणा

हस्तलिखित ग्रंथ लिहून झाला की तो ‘शोधला’ जाई. शोधणारा लेखक स्वतः असे, किंवा त्याचा गुरू, किंवा पुढे केव्हा तरी ती पोथी वाचणारा अन्य पंडित. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप दिला जाई आणि तो वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिहिले जाई. एखादी गोष्ट पार निष्फळ करणे या अर्थी मराठीत ‘हरताळ फासणे’ हा जो वाक्प्रचार आहे त्याचे मूळ या लेखनव्यवहारात आहे. गळलेला शब्द दाखविण्यासाठी ओळीत काकपद किंवा हंसपद काढीत आणि तो शब्द समासात लिहीत. बहुधा त्याजवळ ओळीचा अंकही देत. समासातला शब्द ओळीत कोठे बसवावयाचा हे त्यामुळे वाचकास कळे. अध्यायाची समाप्ती, बोलणाऱ्याचे नाव, श्लोकाचा अंक इत्यादी स्थळे गेरूने रंगविण्याची रीत होती. ग्रंथाच्या किंवा अंकाच्या शेवटी येणारी पुष्पिका कर्त्याचे, लेखकाचे, क्वचित काळाचे नाव सांगे.

राजकीय लेखांतही अशा खुणा होत्या. वाकाटकांच्या अनेक ताम्रपटांच्या आरंभी ‘दृष्टम्’ हा शब्द कोरलेला असतो. त्याचा अर्थ ‘पाहिले’ असा होतो. तो दानलेखाच्या मजकुराचा भाग नसून मसुदा तपासल्याचा शेरा आहे. मराठी दफ्तरांतील पत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सूद’ असे शेरे व मुद्रा येतात. त्यांचे काम पत्र येथे संपले हे सांगण्याचे, आणि त्याखाली कोणी मागाहून मजकूर वाढवू नये यासाठी बंदोबस्त करण्याचे होते. मजकूर कोणता आणि मजकुराविषयीचे विधान कोणते, हा भेद त्या लेखनिकांना नीट ठाऊक होता.

पोथीच्या परंपरेत मात्र हा भेद सर्वत्र टिकला नाही. समासात लिहिलेला शब्द दोन प्रकारचा असू शकतो. एक, मूळात असून नकलेत गळलेला व नंतर भरून काढलेला; दुसरा, मूळात नसलेला, परंतु वाचकाने अर्थबोधासाठी लिहून ठेवलेला. पहिला दुरुस्ती आहे, दुसरा टीप आहे. पुढचा नकलकार बहुधा दोघांनाही सारखेच वागवितो आणि दोन्ही शब्द ओळीत घेतो. एकदा टीप ओळीत शिरली म्हणजे ती टीप होती हे सांगणारी खूण नाहीशी होते.

‘मालतीमाधवा’तील ज्या शब्दावर पद्मपूरचा प्रश्न अंशतः अवलंबून आहे तो शब्द ‘विदर्भेषु’ हा होय. भवभूतीचे पूर्वज दक्षिणापथातील पद्मपूर नगरात राहत, ते तैत्तिरीय शाखेचे व काश्यप गोत्राचे होते, असे प्रस्तावना सांगते. दक्षिणापथाचा उल्लेख ‘महावीरचरिता’तही आहे. पद्मपूर विदर्भात होते हे मात्र ‘मालतीमाधवा’च्या काही प्रतींत आलेल्या या अधिक शब्दावरून कळते. हा शब्द कवीचा असेल तर पद्मपूरचा शोध विदर्भातच घेतला पाहिजे. तो एखाद्या जुन्या वाचकाने समासात लिहिलेली टीप असेल, तरीही तो सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही, कारण त्या वाचकाच्या काळी पद्मपूर विदर्भात समजले जात होते एवढे त्यावरून सिद्ध होईल. परंतु त्याचे प्रामाण्य कवीच्या स्वतःच्या विधानाइतके राहणार नाही. एकच शब्द, पण त्याला दुरुस्ती म्हणावे की टीप यावर पुराव्याची जात बदलते.

पुष्पिकांविषयीही असाच अनुभव आहे. शंकर पांडुरंग पंडित यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गउडवहो’च्या प्रस्तावनेत ‘मालतीमाधवा’च्या एका जुन्या हस्तलिखिताची माहिती दिली. त्यात तिसऱ्या अंकाच्या शेवटी हे नाटक कुमारिलभट्टाच्या शिष्याने रचले असे, सहाव्या अंकाच्या शेवटी ते उंबेकाचार्याचे असे, आणि दहाव्या अंकाच्या शेवटी ते भवभूतीचे असे म्हटले आहे. या तीन पुष्पिकांवरून भवभूती आणि मीमांसक उंबेक हे एकच की काय, असा वाद उपस्थित झाला आणि तो पुढे अनेक वर्षे चालला. येथे वादाचा विषय नाटकाची संहिता नाही. संहितेच्या कडेने कोणी तरी केलेली नोंद आहे. ती नोंद एका प्रतीत आहे, हे सांगितल्याशिवाय तिचा उल्लेख करणे म्हणजे तिला अकारण वजन देणे होय.

मराठीत या बाबतीत एक वेगळी व अधिक सावध परंपरा दिसते, आणि तिचा एक धागा भंडाऱ्यापर्यंत पोहोचतो. चक्रधरस्वामींच्या आरंभीच्या शिष्यांपैकी नीळभट भांडारेकार हे भंडाऱ्याचे. चक्रधरांच्या लीळांचे संकलन म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस केले. मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाल्यावर ‘लीळाचरित्र’ निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले. त्यामुळे हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावाने ओळखले गेले. एका लीळेविषयी निराळी आठवण असल्यास ती ‘वासना’ अशा शब्दाने पोथीतच वेगळी दाखविण्याची पद्धत रूढ झाली. पाठ कोणाचा, हे पाठाबरोबरच सांगावयाचे, ही त्या परंपरेची शिस्त आधुनिक संपादनशास्त्राच्या फार जवळची आहे.

३. मुद्रित आवृत्तीतील खुणा

मुद्रणाने संहिता स्थिर केली, आणि खुणांना पानाच्या तळाशी निश्चित जागा दिली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी जगद्धराच्या टीकेसह संपादिलेले ‘मालतीमाधव’ मुंबई संस्कृत मालेत १८७६ साली प्रसिद्ध झाले. त्याची दुसरी आवृत्ती १९०५ साली निघाली. अशा आवृत्तीत पानाचे तीन थर असतात. वर संपादकाने निश्चित केलेली संहिता, तिच्याखाली प्राचीन टीकाकाराचे विवरण, आणि त्याखाली निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद. प्रत्येक प्रतीस एक अक्षर नेमून दिलेले असते, आणि पाठभेदापुढे ते अक्षर छापलेले असते. वाचकास संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर तो तळाशी जाऊन वेगळा निर्णय करू शकतो. संपादकाने स्वतःच्या विरोधातील पुरावा वाचकाच्या हाती देणे हे या मांडणीचे मोठेपण आहे.

भांडारकरांनी भवभूतीच्या मूळ प्रदेशाचा विचार करताना चांद्याच्या आसपासच्या भागाकडे लक्ष वेधले होते. कृष्ण यजुर्वेदी, आपस्तंब सूत्राची देशस्थ कुटुंबे त्या बाजूस आढळतात, हा त्यांच्या विचाराचा एक आधार होता. मिराशींनी पुढे आमगावजवळच्या पदमपूरकडे बोट दाखविले ते एका नव्या साधनामुळे. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात सापडलेला एक वाकाटक ताम्रपट त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाविसाव्या खंडात प्रसिद्ध केला. या दानलेखाच्या आरंभी तो ‘पद्मपुराहून’ दिला असल्याचे म्हटले आहे. परंतु राजवंशाची नावे चालू असतानाच मजकूर थांबतो. दान कोणी दिले, कोणास दिले, केव्हा दिले, हे कळत नाही. तथापि वाकाटकांच्या राज्यात पद्मपूर नावाचे, राजशासने निघावीत एवढ्या महत्त्वाचे एक स्थान होते, ही गोष्ट त्यावरून निश्चित होते. ताम्रपटाचे सापडण्याचे ठिकाण, जवळच्या गावाचे नाव आणि तेथील अवशेष यांची सांगड घालून मिराशींनी आपला निष्कर्ष काढला. वाकाटकांवरील लेखांचा त्यांचा संग्रह १९६३ साली ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’च्या पाचव्या खंडाच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

अशा लेखांच्या वाचनात कंसांना फार महत्त्व असते. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या परंपरेत खराब झालेले वा संशयित अक्षर चौकोनी कंसात, कोरणाऱ्याच्या चुकीची दुरुस्ती गोल कंसात, आणि संपादकाने भरलेले अक्षर तारांकित खुणेने दाखवितात. युरोपात ग्रीक व लॅटिन लेखांसाठी १९३१ साली लायडेन येथे अशाच संकेतांवर एकमत झाले. या खुणांमुळे डोळ्यांनी पाहिलेले आणि बुद्धीने ताडलेले यांतील सीमारेषा छापील पानावर स्पष्ट राहते.

महाराष्ट्रात या शिस्तीचा सर्वांत मोठा प्रयोग पुण्यास झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रधान संपादकत्व विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे १९२५ साली आले. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि मुख्य संहितेचे काम १९६६ साली संपले. हस्तलिखितांची तुलना करण्यासाठी आखीव तक्ते वापरले गेले. एकेका अक्षरास एकेक चौकट, म्हणजे कोणत्या प्रतीत कोठे फरक पडतो ते सरळ उभ्या रेषेत दिसावे. सिद्ध केलेल्या संहितेतही जेथे निर्णय पुरेसा निश्चित नव्हता तेथे सुखटणकरांनी शब्दाखाली नागमोडी रेघ दिली. हा शब्द स्वीकारला आहे, परंतु पूर्ण खात्रीने नाही, एवढे मोठे विधान त्या एका रेघेत सामावलेले आहे.

४. संगणकीय खुणांचा उदय

‘मार्कअप’ हा शब्दही मुळात छापखान्यातला आहे. संपादक किंवा मुद्रितशोधक हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी ज्या सूचना लिही, त्यांना हे नाव होते. येथे ठळक टाइप, येथे नवा परिच्छेद, येथे ओळ आत, अशा त्या सूचना असत. संगणकाच्या प्रारंभीच्या काळातही मजकुरात अशाच दृश्य स्वरूपाच्या आज्ञा घातल्या जात. १९६९ साली आय.बी.एम. या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी निराळा विचार पुढे आणला. मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगावे, हे त्या विचाराचे सार. ‘हे ठळक आहे’ याऐवजी ‘हे शीर्षक आहे’ असे सांगितले म्हणजे दिसण्याचा निर्णय पुढे केव्हाही घेता येतो. या पद्धतीतून एस.जी.एम.एल. ही प्रमाणभाषा १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली, आणि तिचेच सुटसुटीत रूप असलेली एक्स.एम.एल. १९९८ साली आली.

ग्रंथसंपादकांनी ही साधने आपल्या कामासाठी घडविली ती ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमातून. १९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पोकीप्सी येथे भरलेल्या सभेत त्याची तत्त्वे ठरली. १९९४ साली त्याची विस्तृत मार्गदर्शिका निघाली, आणि तिची पाचवी पिढी २००७ पासून वापरात आहे. कोनदार कंसांत लिहिलेल्या टॅगांनी संहितेचा एकेक भाग वेढावयाचा, आणि त्या भागाचे स्वरूप टॅगच्या नावाने सांगावयाचे, ही तिची रीत. आरंभाचा टॅग आणि समाप्तीचा टॅग अशी जोडी असावीच लागते. लेखनसीमेची आठवण व्हावी असा हा नियम आहे.

पाठभेदांसाठी या पद्धतीत ‘ॲप’ नावाचा टॅग आहे. त्याच्या पोटी ‘लेम’ म्हणजे स्वीकृत पाठ आणि ‘आरडीजी’ म्हणजे अन्य पाठ येतात, आणि प्रत्येक पाठाबरोबर तो कोणत्या प्रतीत आहे हे ‘विट’ या गुणविशेषाने सांगावे लागते. खराब अक्षरासाठी, संपादकाने भरलेल्या अक्षरासाठी, गळलेल्या जागेसाठी स्वतंत्र टॅग आहेत. स्थलनामासाठी ‘प्लेसनेम’ आहे. ते नाव नकाशावरील कोणत्या स्थळाचे समजावे हे त्यात लिहिता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे ‘रेस्प’ या गुणविशेषाने हे विधान कोणाचे, आणि ‘सर्ट’ या गुणविशेषाने त्याची खात्री अधिक, मध्यम की कमी, हे नोंदविता येते. सुखटणकरांची नागमोडी रेघ येथे शब्दरूप झाली. शिलालेख व ताम्रपटांसाठी याच पद्धतीची ‘एपिडॉक’ ही शाखा आहे. तीत लायडेनच्या कंसांचे टॅगांत रूपांतर झाले, आणि आज भारतातील संस्कृत लेखांचे संगणकीय संपादनही तिच्या आधारे होते.

‘विदर्भेषु’ हा शब्द या पद्धतीने लिहावयाचा तर संपादकास चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा शब्द कोणत्या प्रतींत आहे? स्वीकृत संहितेत तो घ्यावयाचा की नाही? घेतल्यास किती खात्रीने? आणि हा निर्णय कोणाचा? त्याच वाक्यातील पद्मपूर या नावास आमगावजवळच्या गावाशी जोडावयाचे असेल तर ती ओळख मिराशींची आहे, भांडारकरांचा रोख निराळा होता, हेही वेगळ्या नोंदीत सांगता येते. छापील पानाच्या तळाशी या सर्व गोष्टी दाटीवाटीने येतात किंवा जागेअभावी वगळल्या जातात. येथे जागेची अडचण नाही.

५. नव्या साधनांचे धोके

तथापि साधन समर्थ झाले म्हणून व्यवहार सुधारतोच असे नाही. संगणकीय संहितेत पुराव्याची हानी निदान तीन मार्गांनी होते.

पहिला मार्ग संहिता तळटीपांपासून वेगळी होण्याचा. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची संगणकीय संहिता क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती शोधून सुधारली. या कामामुळे जगभरच्या अभ्यासकांची मोठी सोय झाली, यात संशय नाही. परंतु आरंभी जी प्रसृत झाली ती सिद्ध संहिता होती. तळटीपांतील अवाढव्य पाठसामग्री तिच्याबरोबर आली नाही. अनेक संस्कृत व मराठी ग्रंथांबाबत हेच घडले आहे. टंकलेखनाचे श्रम मर्यादित असतात, आणि ते प्रथम संहितेवर खर्च होतात. परिणामी शोधयंत्रात ‘विदर्भेषु’ हा शब्द घातला असता तो एका संहितेत सापडतो, दुसरीत सापडत नाही, आणि दोन्हींत त्याविषयी कसलीही खूण नसते. हस्तलिखितांच्या काळात टीप ओळीत शिरल्याने जे घडत होते, तेच तळटीप गळल्याने पुन्हा घडते.

दुसरा मार्ग स्थलनामांच्या घोटाळ्याचा. ‘मालतीमाधवा’चे कथानक पद्मावती नगरीत घडते. त्या पद्मावतीचा शोध कनिंगहॅम यांनी नरवर येथे घेतला होता, पुढे मो. ब. गर्दे यांनी ती ग्वाल्हेरजवळील पवाया होय असे दाखविले. कवीच्या कुळाचे पद्मपूर आणि नाटकातील पद्मावती यांची गल्लत जुन्या लेखनातही झाली आहे. आज स्थलनामे आपोआप ओळखून त्यांवर टॅग लावणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांना दोन्ही नावांतील साम्य दिसते, पण प्रस्तावना आणि कथानक यांतील भेद दिसतोच असे नाही. त्यातच गावाचे नाव पद्मपूर, पद्मपुर, पदमपूर, पदमपुर अशा चार तऱ्हांनी लिहिले जाते. यंत्राने लावलेला टॅग आणि विद्वानाने विचारपूर्वक लावलेला टॅग बाह्यतः अगदी सारखे दिसतात. म्हणून टॅग कोणी लावला हे नोंदविणे अनिवार्य ठरते.

तिसरा मार्ग देवनागरी लिपीच्या संगणकीय रूपातून निघतो. ‘विदर्भेषु’ या शब्दात वाचणाऱ्यास चार अक्षरे दिसतात : वि, द, र्भे, षु. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीत मात्र हा शब्द नऊ संकेतांनी लिहिला जातो, कारण मात्रा, उकार, वेलांटी व हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र संकेत आहेत; आणि प्रचलित साठवणीत त्याचे सत्तावीस बाइट होतात. संहितेपासून वेगळ्या ठेवलेल्या टिप्पणात ‘अमुक क्रमांकाच्या चिन्हापासून तमुक क्रमांकापर्यंत’ असा निर्देश केला, तर मोजणी अक्षरांची, संकेतांची की बाइटांची यावर तो निर्देश कोठे पडेल हे ठरते. संहितेत मागाहून एक अनुस्वार जरी दुरुस्त केला तरी पुढच्या सर्व खुणा एका घराने सरकतात. मराठीतील ‘ऱ्य’ सारखे जोडाक्षर दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. डोळ्यांस ते एकच दिसते, यंत्रास ते दोन शब्द वाटतात.

या अडचणीवर तोडगाही निघाला आहे, आणि तो जुन्या पोथ्यांच्या रीतीशी जुळणारा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ च्या फेब्रुवारीत संमत केलेल्या वेब ॲनोटेशन या प्रमाणपद्धतीत टिप्पणाचे दोन भाग मानले आहेत : टिप्पण ज्यावर आहे ते लक्ष्य, आणि टिप्पणाचा आशय. लक्ष्य दाखविण्याच्या मान्य मार्गांपैकी एक असा की, अभिप्रेत शब्द, त्याच्या आधीचे शब्द आणि त्याच्या नंतरचे शब्द एकत्र नोंदवावेत. संहितेत थोडा बदल झाला तरी शेजाऱ्यांवरून शब्द सापडतो. काकपद काढणारा लेखकही गळलेल्या शब्दाची जागा शेजारच्या अक्षरांवरूनच दाखवीत होता. अशा टिप्पणास स्वतंत्र कर्ता व स्वतंत्र दिनांक असतो. एकाच शब्दावर दोन विद्वानांची परस्परविरोधी टिप्पणे संहितेस धक्का न लावता शेजारी राहू शकतात. टॅग एकमेकांत पूर्णपणे सामावलेच पाहिजेत ही एक्स.एम.एल.ची अट येथे नसल्याने वाक्य, श्लोक आणि पात्राचे भाषण यांच्या परस्परांना छेदणाऱ्या सीमाही दाखविता येतात.

६. निष्कर्ष

पद्मपूरविषयी आज काय म्हणता येते याचा आढावा घेतला असता खुणांचे महत्त्व पटते. भवभूतीचे पूर्वज दक्षिणापथातील पद्मपुरात राहत, ही कवीच्या नाटकांतील माहिती आहे. ते पद्मपूर विदर्भात होते, ही ‘मालतीमाधवा’च्या काही प्रतींची साक्ष आहे. वाकाटकांच्या राज्यात पद्मपूर नावाचे महत्त्वाचे स्थान होते, ही ताम्रपटाची साक्ष आहे. परंतु ती पाचव्या शतकाच्या आसपासची असून भवभूतीचा काळ आठव्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो. ते स्थान म्हणजे आमगावजवळचे गाव, हा मिराशींचा निष्कर्ष आहे. स्वतः भवभूतीचा जन्म तेथे झाला, हे अनुमान आहे. प्रस्तावना कुळाच्या वसतीविषयी बोलते. ‘गोंदिया जिल्ह्यातील पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान’ या एका वाक्यात माहिती, साक्ष, निष्कर्ष आणि अनुमान अशा चार निरनिराळ्या प्रतीच्या गोष्टी एकजीव झालेल्या आहेत. त्या वाक्याने जिल्ह्याचा गौरव होतो. परंतु कोणी विरोधी पुरावा पुढे केला तर त्याचा प्रतिवाद करण्यास ते वाक्य असमर्थ ठरते. उलट आधार वेगवेगळे मांडलेले असतील तर एक दुबळा ठरला तरी बाकीचे आपल्या बळावर उभे राहतात. जिल्ह्याचा हक्क अशा मांडणीने अधिक सुरक्षित होतो.

यावरून संगणकीय संहितांवर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी काही नियम पाळणे इष्ट ठरेल. ग्रंथ संगणकावर घेताना संहितेबरोबर पाठभेद घ्यावेत. सर्व घेणे अशक्य असेल तर निदान ज्या स्थळांवर व्यक्ती, स्थळ वा काळ यांचा निर्णय अवलंबून आहे तेथील घ्यावेत, आणि बाकीचे वगळल्याचे स्पष्ट नमूद करावे. कोणत्या मुद्रित आवृत्तीवरून संहिता घेतली ते वर्षासह लिहावे. स्थलनामावर टॅग लावताना ती ओळख ज्या विद्वानाची त्याचे नाव आणि खात्रीची पायरी नोंदवावी. यंत्राने लावलेले टॅग तपासून होईपर्यंत वेगळे ठेवावेत. संहितेतील दुरुस्ती आणि संहितेविषयीचे टिप्पण एकाच टॅगाने दाखवू नये.

यांपैकी एकही नियम मुळात संगणकाने शिकविलेला नाही. पाठ कोणाचा हे पाठाबरोबर सांगण्याची शिस्त महानुभावांच्या पोथ्यांत होती. तपासल्याचा शेरा मजकुराबाहेर ठेवण्याची शिस्त वाकाटकांच्या लेखनिकांत होती. अनिश्चित शब्दाखाली रेघ देण्याचा प्रामाणिकपणा पुण्याच्या संपादकांनी दाखविला. भांडारकरांच्या आवृत्तीतील पाठभेद आणि मिराशींनी वाचलेला ताम्रपट यांचे एकत्र, सटीप व साक्षीसह संगणकीय संपादन झाले, तर आमगावच्या विद्यार्थ्यास आपल्या गावाजवळच्या पदमपूरचा पुरावा मूळापासून तपासता येईल. असे संपादन विदर्भातील एखाद्या विभागाने हाती घ्यावे, इतके ते मर्यादित आणि साध्य आहे.